'थेर्माइनो': ऊब देणाऱ्या एका ग्रीक क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'थेर्माइनो' म्हणजे नेमकं काय?

गरम करणे, तापवणे. पाणी, अंग, खोली, औषध, कशालाही चालतं. रूप थोडं बदललं की त्याच क्रियापदाचा अर्थ 'शेकणे', 'ऊब घेणे' असा होतो. ते 'थेर्मॉस' म्हणजे 'गरम' या विशेषणावरून बनलंय. चहा गरम ठेवायच्या थर्मासच्या नावात हेच विशेषण जसंच्या तसं बसलं आहे.

क्रियापद साधं, घरगुती आहे. प्रवचनांत आणि पुस्तकांत त्याला बरेचदा 'प्रेमाची ऊब', 'करुणा' असले अर्थ चिकटवलेले दिसतात. त्या अर्थांचं ग्रीक क्रियापद वेगळं आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय. 'थेर्माइनो'ची जागा मुख्यतः चुलीपाशी आणि न्हाणीघरात.

उच्चार 'थेर्माइनो' की 'थेर्मेनो'?

दोन्ही बरोबर, फक्त काळ वेगळा. प्राचीन अथेन्समध्ये पहिलं अक्षर आपल्या 'थाळी'तल्या थ सारखं, म्हणजे त मध्ये हकार मिसळलेलं होतं आणि मधला स्वर 'आइ' होता. फ्रेंच बोलणाऱ्यांना हा थ मुद्दाम शिकावा लागतो, मराठी माणसाला तो आयताच येतो. पुढे ग्रीकमध्ये हा थ घर्षक झाला, इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा, आणि 'आइ'चा 'ए' झाला. त्यामुळे आजचा ग्रीक माणूस 'थेर्मेनो' म्हणतो. बायबलच्या वर्गात तिसराच उच्चार कानावर पडला तर गोंधळू नका. पाश्चात्त्य विद्यापीठांतला तो एक तडजोडीचा उच्चार आहे.

हे क्रियापद बनलं कसं?

संस्कृत व्याकरणात ज्याला नामधातू म्हणतात, तसला हा प्रकार आहे. विशेषणाला 'आइनो' जोडला की 'तसं करणे' असं क्रियापद तयार होतं. ग्रीकमध्ये अशी बरीच सापडतात: ल्युकॉस (पांढरा) वरून ल्युकाइनो, क्सेरॉस (कोरडा) वरून क्सेराइनो, ग्लुकुस (गोड) वरून ग्लुकाइनो, पिक्रॉस (कडू) वरून पिक्राइनो. थेर्माइनो त्याच रांगेतलं.

होमर या ग्रीक महाकवीच्या काव्यांत 'थेर्मो' असं आखूड क्रियापदही येतं, पण मोजक्याच रूपांत, आणि बहुतेक वेळा अंघोळीच्या पाण्याबद्दल. नंतरच्या गद्यात ते मागे पडलं आणि 'थेर्माइनो' टिकलं.

मूळ धातू कोणता? मराठीशी खरंच नातं आहे का?

आहे, आणि ते घामाचं आहे.

इंडो-युरोपीय भाषांच्या अभ्यासकांनी या शब्दांमागे 'घ्वेर्' असा एक धातू मांडला आहे. अर्थ 'तापणे, गरम असणे'. सुरुवातीचा आवाज घ चा, पण ओठांचा चंबू करून काढलेला. त्यापासून ग्रीकमध्ये थेर्मॉस, संस्कृतात घर्म, अवेस्तात आणि पुढे फारसीत गर्म, आर्मेनियनमध्ये 'जेर्म', लॅटिनमध्ये 'फॉर्मुस' (गरम) आणि 'फोर्नाक्स' (भट्टी) हे शब्द आले. इंग्रजीतला 'फर्नेस' त्या फोर्नाक्सचाच वंशज.

संस्कृत घर्म, प्राकृत घम्म, मराठी घाम अशी आपली सरळ वाट. घर्म म्हणजे आधी उष्णता, मग उष्णतेने येणारं पाणी. मराठीत दुसराच अर्थ उरला. ऋग्वेदात मात्र पहिला अर्थ ठळक आहे. तिथे 'घर्म' हे एका तापवलेल्या भांड्याचं आणि त्यातल्या उकळत्या दुधाचंही नाव आहे. 'अभीद्धो घर्मः' (१.१६४.२६), म्हणजे घर्म चांगला पेटला, तापला. प्रवर्ग्य नावाच्या विधीत मातीचं महावीर भांडं लालबुंद तापवायचे, त्यात तूप कढवायचे आणि वरून दूध ओतायचे. असं केल्यावर भडका किती उंच उडत असेल याची कल्पना फोडणी जळालेल्या कुणालाही येईल.

आणि 'गरम'? तो फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे एकाच धातूची दोन लेकरं मराठीत नांदताहेत, घाम माहेरचा आणि गरम पाहुणा. इंग्रजीमार्गे आलेला थर्मामीटर हा तिसरा भाऊ.

पण 'घ'चा 'थ' कसा काय होईल? हे ओढूनताणून वाटतं.

रास्त शंका. नुसता अर्थ आणि थोडासा आवाज जुळला म्हणून नातं लावायची खोड आपल्याकडे पुष्कळ आहे, त्यामुळे संशय घेतलेलाच बरा. इथे मात्र नियम आहे आणि तो इतर शब्दांतही तसाच चालतो.

मूळ 'घ्व' पुढे 'ए' आला तर ग्रीकमध्ये त्याचा थ होतो, 'ओ' आला तर फ. संस्कृतात तोच आवाज मूळच्या 'ए'पुढे ह होतो, एरवी घ राहतो. आता मारण्याच्या धातूकडे बघा. संस्कृतात हन्ति (मारतो), पण घ्नन्ति (मारतात), घन (घाव घालणारा). ग्रीकमध्ये थेइनो (मी मारतो), पण फोनॉस (खून). ह आणि घ इकडे, थ आणि फ तिकडे, जोड्या नेमक्या त्याच जागी.

उष्णतेच्या धातूतही तसंच. ग्रीक 'थेरॉस' (उन्हाळा) आणि संस्कृत 'हरस्' (उष्णता, तेज) हे अगदी समोरासमोरचे शब्द आहेत. घर्ममध्ये घ का राहिला? कारण तो मूळ 'ओ' असलेल्या रूपातून आला. संस्कृतात ए आणि ओ दोन्ही मिटून अ झाले, पण जाण्याआधी व्यंजनावर आपली खूण ठेवून गेले. एकदा हे दिसलं की थेर्मॉस आणि घर्म यांच्यात परकेपणा उरत नाही.

मग ताप, उष्ण, ऊन हे शब्दही यातलेच का?

नाही. 'तप्' हा वेगळा धातू. त्याचं नातं लॅटिन 'तेपिदुस'शी, म्हणजे कोमट. 'उष्ण' आणखी वेगळा. तो 'उष्' म्हणजे जाळणे यावरून आला, आणि ग्रीकमध्ये त्याचा भाऊ 'हेउओ' म्हणजे केस होरपळून काढणे, डुकराचे वगैरे. उष्ण, उण्ह, ऊन अशी ती वाट. 'ऊन ऊन भात' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो, आणि दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यातही.

इंग्रजी 'वॉर्म'?

वाद आहे. काही जण त्याला याच धातूखाली घालतात, काही जण 'वेर्' (जळणे, उकळणे) या दुसऱ्या धातूखाली. सगळ्यात लोकप्रिय उदाहरण हेच आणि सगळ्यात डळमळीतही हेच, त्यामुळे मी ते वापरत नाही. घाम पुरेसा आहे.

हे क्रियापद सगळ्यात आधी कुठे भेटतं?

होमरच्या इलियडमध्ये, चौदाव्या सर्गाच्या सुरुवातीला. साधारण इ.स.पू. ८व्या शतकाच्या आसपासची ही रचना.

प्रसंग असा. बाहेर ट्रॉयची लढाई जुंपली आहे. म्हातारा नेस्टॉर आपल्या तंबूत बसून पितो आहे. शेजारी जखमी वैद्य माखाओन. बाहेरचा गलका वाढतो तसा नेस्टॉर उठतो आणि माखाओनला सांगतो: तू बस, दारू पीत राहा, तोवर सुंदर वेण्यांची हेकामेदे तुझ्यासाठी अंघोळीचं पाणी तापवेल आणि अंगावरचं सुकलेलं रक्त धुऊन काढेल. हे 'तापवेल' म्हणजे आपलं क्रियापद. होमर शब्दशः 'गरम अंघोळी गरम करेल' म्हणतो, विशेषण आणि क्रियापद एकाच धातूचे, शेजारीशेजारी.

ही हेकामेदे टेनेडॉस बेटावरून लुटीत आणलेली. पाणी तापवायचं काम तिचं. थोडं आधी, अकराव्या सर्गात, तिनेच या दोघांसाठी दारूत बकरीचं चीज किसून घातलं होतं, काशाच्या किसणीने. इलियड म्हटलं की लोकांना भाले आणि ढाली आठवतात, पण पाणी कोण तापवतं, चीज कोण किसतं हे होमर सांगायला विसरत नाही.

याच काव्यात आखूड 'थेर्मो'चंही एक फार छान ठिकाण आहे. तेविसाव्या सर्गात रथांची शर्यत चालू आहे. मागच्या रथाचे घोडे इतके जवळ आलेत की त्यांच्या श्वासाने पुढच्या युमेलॉसची पाठ आणि रुंद खांदे गरम होताहेत.

'थेर्माइनोमाइ' हे रूप वेगळं का?

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांच्यासाठी एका शब्दात उत्तर: आत्मनेपद. 'थेर्माइनो' म्हणजे मी (दुसरं काही) तापवतो, 'थेर्माइनोमाइ' म्हणजे मी स्वतः ऊब घेतो. क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं. मराठीत आत्मनेपद उरलं नाही, आपण ते 'तापणे-तापवणे' अशा जोड्यांनी किंवा वेगळ्या शब्दाने भागवतो. शेकोटीपाशी बसलेला माणूस 'शेकतो', त्याला 'स्वतःला' असं वेगळं म्हणावं लागत नाही. 'थेर्माइनोमाइ'चं ते उत्तम मराठी.

बायबलच्या नव्या करारात हे क्रियापद किती वेळा आणि कुठे येतं?

सहा वेळा. मार्कमध्ये दोनदा (१४.५४ आणि १४.६७), योहानात तीनदा (१८.१८ मध्ये दोन, १८.२५ मध्ये एक) आणि याकोबाच्या पत्रात एकदा (२.१६). सहाही वेळा आत्मनेपदी रूपात.

पहिली पाच येशूचा शिष्य पेत्र याच्या एकाच रात्रीची. येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात नेलंय. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, वल्हांडण या यहुदी सणाचे दिवस म्हणजे वसंताची सुरुवात, रात्री अंगात थंडी शिरते. नोकरचाकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव करून शेकत उभे आहेत आणि पेत्रही त्यांच्यात शेकत उभा आहे. मराठी बायबलातही 'शेकत'च आहे, आणि मला तो अनुवाद चोख वाटतो.

मार्क 'विस्तवाकडे तोंड करून' म्हणायच्या जागी 'उजेडाकडे' म्हणतो. तो तपशील मोलाचा. ऊब हवी म्हणून पेत्र पुढे सरकला आणि त्याच उजेडात दासीला त्याचा चेहरा दिसला. तिने ओळखलं आणि त्याने नाकारलं. योहान या विस्तवाला 'आन्थ्राकिया' म्हणतो, म्हणजे निखाऱ्यांचा ढीग. अँथ्रासाइट कोळसा आठवा, शब्द तोच. नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी आहे. दुसरं ठिकाण योहान २१, सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजलेली आहे आणि न्याहारीनंतर येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. लेखकाने हे मुद्दाम केलं असं माझं मत आहे.

काही प्रवचनांत 'पेत्र शत्रूच्या प्रेमाची ऊब घेत होता' असं ऐकायला मिळतं. क्रियापदात तसं काही नाही. थंडी होती असं योहान स्वतःच सांगतो.

याकोबाच्या पत्रातलं वाक्य कोणतं?

उघड्या, उपाशी भावाबहिणीला कुणी नुसतं म्हणतं, 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा', आणि हातावर काहीच ठेवत नाही, तर त्याचा उपयोग काय? इथे क्रियापद आज्ञार्थी आहे, 'थेर्माइनेस्थे', आणि सगळा टोमणा त्या आज्ञार्थात आहे. घोंगडी न देता 'ऊब घे' म्हणणं.

जुन्या करारात?

त्याच्या ग्रीक भाषांतरात, सेप्तुआगिंतमध्ये, दोन ठिकाणं लक्षात ठेवण्यासारखी. दावीद राजा म्हातारा झाला, कितीही पांघरुणं घातली तरी त्याच्या अंगात ऊब येईना (१ राजे १.१). 'येईना'साठी हेच क्रियापद. दुसरं यशया ४४ मध्ये. एक माणूस झाड तोडतो, अर्धं लाकूड जाळून त्यावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, शेकत म्हणतो, 'वा, छान ऊब आली', आणि उरलेल्या लाकडाचा देव करून त्याच्या पाया पडतो. संदेष्टा चांगलाच तिखट आहे.

मग मायेची ऊब सांगणारं क्रियापद कोणतं?

'थाल्पो'. आवाजाने जवळचं वाटलं तरी थेर्माइनोचं नातेवाईक नव्हे.

थाल्पोही मुळात गरम करणंच, पण अंगाच्या उबेने. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (२२.६) पक्षीण अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असते, तिथे थाल्पो. दावीदाच्या त्याच गोष्टीत गंमत बघा: राजाच्या अंगात ऊब येईना, तिथे थेर्माइनो, अबीशग नावाची तरुण मुलगी त्याची सेवा करते, त्याला ऊब देते, तिथे थाल्पो. भाषांतरकाराने फरक नीट पाळला आहे. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की दाई आपल्या लेकरांना जपते तसे आम्ही तुमच्यात राहिलो, तिथेही थाल्पो.

त्याचं नाम 'थाल्पोरे', दिलासा, आसरा. इलियडच्या सहाव्या सर्गात आन्द्रोमाखे नवऱ्याला म्हणते, तू गेलास की मला दुसरी थाल्पोरे उरणार नाही. आजच्या ग्रीकमध्ये हाच शब्द 'थाल्पोरी' म्हणून घरच्या उबेसाठी वापरतात. 'पेरिथाल्प्सी' म्हणजे रुग्णाची देखभाल, आणि 'इपोथाल्प्सी' म्हणजे गुन्हेगाराला आसरा देणं, हा कायद्यातला शब्द. पंखाखाली घेणं दोन्हीकडे सारखंच, कुणाला घेतलं यावर सगळं.

थेर्माइनो लाक्षणिक अर्थाने अजिबात येतच नाही का?

येतं की. पण बहुधा राग आणि दारू यांच्यासाठी. अरिस्टोफानेसच्या 'बेडूक' या इ.स.पू. ४०५ मधल्या नाटकात डायोनिसस हा देव चिडलेल्या एस्किलस या नाटककाराला सांगतो, रागाने आतडी तापवू नकोस. आपण डोकं तापवतो, ग्रीक आतडी तापवत. युरिपिडीसच्या 'आल्केस्तिस'मध्ये (इ.स.पू. ४३८) हेराक्लीस सुतकी घरात येऊन पाणी न घातलेली दारू ढोसतो, दारूची ज्वाला त्याला वेढून तापवेपर्यंत.

वैद्यकात या शब्दाचं काय काम?

फार मोठं. ग्रीक वैद्य चार गुण मानत: गरम, थंड, कोरडं, ओलं. पहिल्या शतकातला डायोस्कोरिदीस औषधी वनस्पतींबद्दल लिहिताना प्रत्येकीचं बळ नोंदवतो, आणि मिरीबद्दल त्याचा शब्द आहे 'थेर्मान्तिके', म्हणजे गरम करणारी. ती मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांनी जात होती, आणि ग्रीक 'पेपेरी' हे नावही आपल्या पिप्पलीवरून गेलेलं.

पुढे गालेन या ग्रीक वैद्याने या गुणांच्या पायऱ्या लावल्या. ती विद्या अरबीत, मग फारसीत गेली आणि युनानी हकिमांबरोबर दख्खनमध्ये आली. युनानी म्हणजेच आयोनियन, ग्रीक. हकीम एखाद्या पदार्थाची तासीर गरम सांगतो तेव्हा तो थेर्मॉसचं भाषांतर करत असतो, आणि योगायोगाने भाषांतराचा शब्द मूळ शब्दाचा सख्खा भाऊ निघाला. 'पपई उष्ण पडते' म्हणणारी आजी मात्र आयुर्वेदातून बोलते. तो प्रवाह वेगळा.

थर्मोपिली या नावात हेच आहे का?

हो, 'गरम दारं'. इ.स.पू. ४८० ची ग्रीक-इराणी लढाई सगळ्यांना माहीत असते, पण नाव त्या खिंडीतल्या गंधकाच्या गरम झऱ्यांवरून पडलंय. हेरोडोटस सांगतो की तिथल्या अंघोळीच्या कुंडांना स्थानिक लोक 'खित्रॉय', म्हणजे मडकी, म्हणत. झरे आजही वाहतात. थेस्सलनीकाजवळच्या आखाताला 'थर्माइकॉस' म्हणतात, तेही जवळच्या थेर्मे या जुन्या गावावरून.

थेरॉस म्हणजे उन्हाळा, तर कापणीशी त्याचा काय संबंध?

ग्रीसमध्ये गहू आणि जव उन्हाळ्याच्या तोंडावर कापायला येतात. म्हणून 'थेरिझो' म्हणजे कापणी करणे आणि 'थेरिस्मॉस' म्हणजे हंगाम. 'पीक फार आहे' या येशूच्या वाक्यात (मत्तय ९.३७) तोच थेरिस्मॉस. जून महिन्याचं लोकांतलं नाव थेरिस्तीस, कापणीवाला.

हेराक्लायटसच्या चुलीची गोष्ट काय आहे?

ऍरिस्टॉटल प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात ती सांगतो. तत्त्ववेत्त्याला भेटायला पाहुणे आले आणि तो भट्टीपाशी शेकत बसलेला दिसला, तेव्हा ते दारातच थबकले. तो म्हणाला, 'आत या, इथेही देव आहेत.' 'शेकत'साठी शब्द 'थेरोमेनॉन', आपल्याच कुळातला. ऍरिस्टॉटलला यातून सांगायचं होतं की किडामुंगीचा अभ्यास करतानाही नाक मुरडू नका.

आजचा ग्रीक माणूस रोज हे क्रियापद वापरतो?

बोलताना कमीच. भाजी गरम करायची तर तो 'झेस्तेनो' म्हणतो, उकळण्याच्या धातूवरून आलेलं. 'मला गरम होतंय' हेही त्याच क्रियापदाने. पण नामं सगळीकडे भेटतात. 'थेर्मान्सी' म्हणजे इमारतीची हीटिंग व्यवस्था, जिच्या खर्चावरून सोसायटीत भांडणं होतात. 'प्रोथेर्मान्सी' म्हणजे खेळाआधीचा वॉर्मअप. 'अनाथेर्मान्सी' म्हणजे दोन देशांच्या संबंधांत पुन्हा ऊब येणं. आणि पृथ्वीच्या तापमानवाढीला 'इपेरथेर्मान्सी तू प्लानिती'.

थर्मामीटर, थर्मोडायनॅमिक्स हे प्राचीन शब्द आहेत का?

नाहीत, ग्रीक सुटे भाग घेऊन युरोपात जुळवलेले आहेत. 'थर्मोमेत्र' १६२४ साली एका फ्रेंच पुस्तकात छापला गेला, 'थर्मोडायनॅमिक' विल्यम थॉमसनने १८४९ मध्ये वापरला. थर्मास हे जर्मन कंपनीचं १९०४ मधलं व्यापारी नाव. आतल्या निर्वात बाटलीची कल्पना जेम्स डेवारची, १८९२ ची.

शब्दकोशात शोधताना कोणतं रूप बघू?

ग्रीक कोशांत क्रियापद वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनात लावलेलं असतं, म्हणून 'थेर्माइनो'च. वाचताना भविष्यकाळी 'थेर्मानो', भूतकाळी 'एथेर्मेना' (नंतरच्या ग्रीकमध्ये 'एथेर्माना') आणि कर्मणीत 'एथेर्मान्थेन' भेटतील. सुरुवातीचा ए हा संस्कृत 'अगच्छत्'मधल्या अ चाच भाऊ आहे, कोश उघडण्याआधी तो काढून टाका. आणि 'थेर्मॉस' शोधताना आघाताकडे लक्ष द्या. तो पहिल्या अक्षरावर असला तर शब्दाचा अर्थ 'गरम' नसून ल्युपिन नावाची एक कडवट डाळ आहे.